मधला चौकोन

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर

चि. प्रेरणा,

तुला सातवा लागल्याचं तुझ्या आईकडून कळलं, म्हणून गोधडी शिवायला घेतली. आपल्याकडं पहिल्या लेकराच्या गोधडीत मधला चौकोन बापाच्या जुन्या सदऱ्याचा असतो. मी माझ्या इंद्रजीतचा सदरा कापला. त्याला जाऊन चार वर्षं झाली, तुझं दुसरं लग्न मीच पुढं होऊन लावलं, तरी हात तिकडंच गेला. चारी बाजू शिवल्यावर ध्यानात आलं. मग दुपारभर टाके उसवले.

हे पत्र काही धाडायची नाही. उद्या फोनवर तुझ्या नवऱ्याचा एखादा मऊ झालेला सदरा मागून घेईन. त्याचा चौकोन वर लावीन. खालच्या थरात इंद्रजीतचा राहील, तेवढं सांगणार नाही.

तुझी आधीची सासू,
मनकर्णाबाई