सातशे एकोणीसचं टेंडर

प्रिय ठिणगे,

हे पत्र फाडायचंच असेल तर पूर्ण वाचून फाड, म्हणजे कशासाठी फाडलं ते तरी तुला कळेल. चोपन्न वर्षांत आपण एकमेकींना एक ओळ लिहिलेली नाही. कारण दोघींना पाठ आहे. तुझे बाबा इंजिन घेऊन लाल सिग्नल ओलांडून गेले की नाही? तू म्हणालीस नाही, माझी वही म्हणाली हो, आणि सगळ्यांनी वहीचं ऐकलं. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण मला सरळ मुद्द्यावर येणं कधी जमलेलं नाही. छत्तीस वर्षं पोरांना गणित शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापक म्हणाले की बाई कडक होत्या, पण न्यायी होत्या. मी मनात म्हटलं, अर्धं बरोबर आहे.

मागच्या महिन्यात रेल्वेच्या संग्रहालयात गेले होते. वर्षातून तीनचार वेळा जातेच. माझी सून म्हणते, आईंना देवळापेक्षा ते भंगार जवळचं. या वेळी तिथे एक नवा गाइड होता, गळ्यात पट्टा, हातात माइक, आणि तो शाळेच्या पोरांना सांगत होता की ही इंजिनं धुरावर चालायची. धुरावर! मी गर्दीतून पुढे घुसले आणि म्हटलं, धूर वाया जातो रे बाबा, चालते ती वाफ. तो गोड हसून म्हणाला, "आजी, तुम्ही त्या बाकावर बसा ना जरा." मी म्हटलं, मी बसेन, पण आधी तू उभा राहून शीक. पोरं खिदळली. माझं अजून बरंच बोलायचं राहिलं होतं, पण तेवढ्यात मागच्या शेडचं दार उघडलं आणि चालू स्थितीत ठेवलेलं एकुलतं एक इंजिन, आदल्या दिवसापासून हळूहळू तापवत आणलेलं, बाहेर आलं. ठिणगे, सहासष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधलेला, आणि मी तोंड उघडं टाकून उभी. वाफेचा पहिला फुसकारा पायाशी आला, चाकांच्या वरचा तो लांब दांडा सावकाश मागे-पुढे झाला, आणि जमीन तळव्यातून थेट छातीपर्यंत हलली. गाइडनेसुद्धा माइक खाली घेतला. तेवढी अक्कल त्याला होती.

तेव्हा मला आपली भिंत दिसली. आपल्या कॉन्व्हेंट शाळेच्या मागची, पेरूच्या झाडाआडची, जिच्यावर चढायला बंदी होती. पलीकडे इंजिनं शेडकडे परतायची ती लाइन. संगीताच्या सिस्टर पियानो शिकवत असताना गाडी आली की त्या हात मांडीवर ठेवून थांबायच्या, आणि गाडी गेली की बरोब्बर त्याच सुरावर पुन्हा सुरू करायच्या. आम्हाला रागवायच्या, पण गाडीला त्या कधी रागावल्या नाहीत. तू भिंतीवर पाय सोडून बसायचीस, कारण तुझ्यासाठी ते घरचं काम होतं, बाबा कामावरून येतायत एवढंच. मी मात्र वही घेऊन. तारीख, वेळ, नंबर, कुठून कुठे. शाईने, रेघा आखून. प्रत्येक ड्रायव्हरची शिट्टी वेगळी असायची आणि तुझ्या बाबांची, दोन आखूड आणि एक लांबलचक, शेवटी किंचित वर जाणारी, ऐकली की तुझी आई चुलीवर भांडं चढवायची. मला वाटायचं, एवढं साठ-सत्तर टनांचं धूड एका माणसाच्या आवाजात घरी निरोप धाडतं, याच्यापेक्षा मोठा चमत्कार सिस्टरांच्या पुस्तकातही नाही. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं होतं. त्याची शिक्षा तुझ्या लक्षात असेल.

आणि ती एक दुपार, बाबांनी आपल्या दोघींना काखेत धरून वर घेतलं ती. केबिनमध्ये चढताना लोखंडी पायरी एवढी गरम होती की बुटातून लागली. फायरमनने पायाने एक पट्टी दाबली, भट्टीची दोन्ही दारं फाकली, आणि आत बघितलं तर आग लाल नव्हतीच. पांढरी होती. इतकी पांढरी की बाजूचा दिवसच मळका वाटला. बाबा म्हणाले, "लाल म्हणजे भुकेली. पांढरी म्हणजे पोट भरलेली. आता ही कुठेही नेईल." मी पुढे शेकडो इंजिनं पाहिली, त्यांच्यावरची पुस्तकं जमवली, नवऱ्याला लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात एका आडगावच्या शेडबाहेर चार तास उभं केलं (तो बिचारा शिंगाडे खात बसला). पण त्या भट्टीसमोर उभं राहून वाटलं होतं, तेवढं लहान आणि तेवढं सुरक्षित मला पुन्हा कधीच वाटलं नाही.

मग ती संध्याकाळ. गाडी स्टेशनात सोडून तुझ्या बाबांचं आणि आणखी एक अशी दोन इंजिनं नुसतीच शेडकडे परतत होती, पाऊण तासाच्या अंतराने. त्यातलं एक लाल सिग्नल ओलांडून पुढे गेलं आणि रुळांचा सांधा तुटला. माणूस कोणी दगावला नाही. सिग्नलच्या केबिनवाल्याला धुक्यात नंबर दिसला नव्हता. मला दिसला होता, कारण भिंत जवळ होती. इंजिन पुढे गेल्यावर मागे जोडलेल्या कोळशा-पाण्याच्या डब्यावर, म्हणजे टेंडरवर, मोठ्या पांढऱ्या अक्षरांत सातशे एकोणीस. तुझ्या बाबांचं इंजिन. मी लिहिलं, सहा वाजून दहा मिनिटं. माझे वडील स्टेशनात बुकिंग क्लार्क. जेवताना त्यांनी वही पाहिली आणि दुसऱ्या दिवशी ती रेल्वेच्या साहेबांच्या टेबलावर होती. कॉन्व्हेंटमधली मुलगी, इतकं सुरेख अक्षर, ती कशाला खोटं लिहील? तुझे बाबा सांगत राहिले की त्यांच्या इंजिनाचं टेंडर आठवड्यापूर्वी बदललं आहे. शेडच्या फोरमनने रजिस्टर उघडून दाखवलं, त्यात तशी नोंद नव्हती. तू शाळेच्या पायऱ्यांवर मला तेच सांगितलंस आणि मी, बारा वर्षांची शहाणी, म्हणाले, "टेंडर काय दप्तर आहे का बदलायला? तुझे बाबा खोटं बोलतील, माझी वही नाही." तू माझ्या थोबाडीत मारलीस. ती मला लागली नाही, एवढी मला माझी खात्री होती. बाबांची मेल गाडी काढून घेतली, लांबच्या यार्डात डबे ढकलायला धाडलं, आणि तुमचं सामान निघालं तेव्हा मी खिडकीतून बघत होते, पण खाली आले नाही.

आता खरं ऐक. मी सव्वीस वर्षांची होते, तेव्हा एका मोठ्या शेडमध्ये परवानगी काढून गेले होते. समोर क्रेनने एक टेंडर अलगद उचलून दुसऱ्याच इंजिनाला जोडलं. इंजिनावर एक नंबर, टेंडरवर दुसरा. मी विचारलं, असं नेहमी करता? मिस्त्री म्हणाला, "रोजचंच आहे ताई." मी परतीच्या गाडीत काहीच वाचलं नाही. घरी येऊन स्वतःला समजावलं: शक्य आहे म्हणजे झालंच असं नाही, पुरावा कुठे आहे? गणिताची बाई ना मी. पुरावा नाही म्हणून चाळीस वर्षं गप्प बसले, आणि पुरावा शोधायला एकदाही बाहेर पडले नाही. दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई ओतणारी बाई.

संग्रहालयात त्या दिवशी इंजिन थंड करणारा एक म्हातारा फिटर होता, आपल्याच शेडमधला. मी फुशारकी मारायला गेले की मला सातशे एकोणीस भिंतीवरून माहीत आहे. तो कापसाने हात पुसत म्हणाला, "बाई, त्या आठवड्यात सातशे एकोणीसचं टेंडर सातशे चोवीसला होतं. मीच जोडलं होतं. चोवीसचं स्वतःचं गळत होतं. सिग्नल ओलांडला तो चोवीसने. फोरमनने नोंद केली नव्हती, मग प्रकरण झाल्यावर म्हणाला, तोंड उघडलंत तर सगळ्यांची नोकरी जाईल. आख्ख्या शेडला माहीत होतं." आख्ख्या शेडला! मी त्या माणसाला, त्या फोरमनला, शेडला, रजिस्टरला, मनात येईल ते बोलले. तो खाली मान घालून ऐकत राहिला. आणि मग म्हणाला, "आम्ही घाबरलो होतो. आणि हातात एका पोरीची वही आली, म्हणून आमची सुटका झाली."

तुझा पत्ता त्यानेच दिला. त्यानेच सांगितलं की बाबा ब्याण्णव वर्षांचे आहेत, तुझ्याकडे असतात, नजर गेली आहे पण कान शाबूत आहेत. म्हणून हे लिहिते आहे. माफी पत्रात मागता येते, पण त्यांना जे ऐकायचं आहे ते पत्राने भागणार नाही. ते ज्या आवाजाने त्यांना खोटं ठरवलं त्याच आवाजात त्यांच्यासमोर म्हणायला हवं. ड्रायव्हरसाहेब, तुम्ही सिग्नल ओलांडला नव्हता, मी टेंडरचा नंबर वाचून इंजिन तुमचं धरलं, आणि टेंडरं बदलतात हे चाळीस वर्षं माहीत असून सांगितलं नाही. येत्या गुरुवारी दहा-वीसच्या गाडीने मी तुमच्या स्टेशनात उतरेन. तुझी परवानगी असेल तर फलाटावर ये. नसेल तर येऊ नकोस, मी जिन्याजवळच्या बाकावर परतीच्या गाडीपर्यंत बसेन, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा येईन, त्याच्या पुढच्याही. गाडीत बसायला मी कधी कंटाळले आहे का? पण बाबांना कुठल्या गुरुवारी काय होईल, ते माझ्या हातात नाही. म्हणून जमलं तर या पहिल्याच गुरुवारी ये.

तुझीच (हा शब्द खोडायचा हक्क तुला आहे),
भिंतीवरची