मोकळा गोठा

कायझर्सलाउटर्न
१३ एप्रिल २०२५

ती. तात्यांस,
स्वरूपाचा शि. सा. नमस्कार.

तुमचे कान फोनला दाद देत नाहीत, म्हणून पुन्हा कागद आणि शाई. आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्या नातीला, अन्वीला, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं.

गोठ्याचा नकाशा मी पुरा केला. दिवसभर इन्स्टिट्यूटमध्ये पुलांची गणितं आणि घरी आल्यावर बैलांचं घर, असं चाललं होतं. जुन्या गोठ्यात ही मांसासाठी वाढवलेली जनावरं जन्मभर गळ्यात साखळी घेऊन एका जागी उभी असतात. तुमच्या जावयाला, योनासला, मोकळा गोठा हवाय, पेंढ्यावर कळपाने हिंडता येईल असा. पण शेत माझ्या सासऱ्यांच्या नावावर, आणि त्यांच्या सहीशिवाय बाउआम्टकडे, म्हणजे इथल्या बांधकाम कचेरीकडे, अर्जच जात नाही.

गेल्या रविवारी जेवणाआधी नकाशा टेबलावर पसरला. सासऱ्यांनी तो फाडला. योनास तुकडे गोळा करायला वाकला, तर त्याच्या पाठीत फावड्याचा दांडा घातला. चाळिशीचा माणूस आहे हो तो. ओरडला नाही, हात धुऊन आला आणि बटाटे वाढून घेतले. पाठीला मलम लावताना त्याने सांगितलं, की लहानपणी काही चुकलं की सासरे त्याला याच गोठ्यात, बैलांच्या ओळीत, साखळीने बांधून ठेवत.

मला त्या दांड्यापेक्षा योनासच्या शांतपणाची भीती वाटते. एक दिवस तो उलटेल आणि सासरे परत उठणार नाहीत. त्याआधी हा जुना गोठा पाडला पाहिजे, एवढंच मला कळतं. आईला नमस्कार. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
स्वरूपा


म्हसवड
४ मे २०२५

चि. सौ. स्वरूपास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या आईला दांड्याची ओळ गाळून वाचून दाखवलं. ती खूश आहे, मी नाही.

व्याह्यांना इकडे पाठवून दे. माझ्या खिलारांसमोर दांडा उचलून दाखवू देत. बैल बिचारे काही करणार नाहीत, मीच काय ते करीन. कापण्यासाठी जनावर पोसायचं, हे तुझ्या लग्नात मी गिळलं, अजून पचलेलं नाही. पण जिवंत आहेत तोवर ती तुझ्या दारची आहेत. मोकळी सोडायची असतील तर आधी खच्ची करा आणि वेसण घाला, हे जावईबापूंना नीट समजावून सांग.

यंदा बेंदूर नऊ जुलैला आहे. बैलांचे पाय धुवायचे, कपाळाला कुंकू, तोंडात पुरणपोळीचा घास. तू तर सर्जाच्या पोटाखालून इकडून तिकडे पळायचीस, तुला काय शिकवायचं. परमुलखात सण मोडू नये असं मला वाटतं.

आणि योनासरावांना त्या म्हाताऱ्याजवळ एकटं सोडू नकोस. अन्वीला गोड पापा. आहे तो जिव्हाळा राखावा.

तुझे,
तात्या


कायझर्सलाउटर्न
१७ जुलै २०२५

ती. तात्यांस,
शि. सा. नमस्कार.

आधी हे वाचा, की मला आणि अन्वीला काही झालेलं नाही.

योनासने बापाला न विचारता काही बैल साखळीतून सोडून अंगणातल्या लोखंडी कुंपणात मोकळे ठेवले होते. खच्ची करण्याचं मी बोलले होते, तो हसला. खच्ची केलेलं जनावर मांस कमी धरतं म्हणे. बेंदराला मी ताट घेऊन फाटक उघडलं आणि आत गेले. समोर त्यांतला ब्रूनो होता; साखळीत असताना हाच माझ्या हातचं खायचा. आपला सर्जा बैल होता आणि हा वळू आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याने मान खाली घातली, तेव्हा मला वाटलं पोळीसाठीच.

पहिल्या धडकेत मी कुंपणावर आपटले. तेवढ्यात सासरे पेंढा उचलायचा दातेरी काटा घेऊन शिव्या देत आत घुसले आणि त्यांनी तो ब्रूनोच्या नाकाडावर घातला. तो माझ्यावरून त्यांच्याकडे वळला. शिंग त्यांच्या मांडीत शिरलं. त्याने त्यांना उचलून आपटलं, आणि पडल्यावर डोक्याने जमिनीत रेटत राहिला. हाडं मोडताना मी ऐकली. मग योनासने ट्रॅक्टर आत घातला आणि ब्रूनोला बाजूला लोटलं. नंतर शेजारच्या शिकाऱ्याने त्याला गोळी घातली.

सासरे जगतील, कंबरेचा मात्र चुरा झाला आहे. माझ्यासाठी आले ते, तात्या. मी त्यांचा द्वेष करत होते आणि आता काय करावं ते कळत नाही. सगळ्यांना सांभाळून घ्यावं.

तुमची,
स्वरूपा


म्हसवड
२९ जुलै २०२५

चि. सौ. स्वरूपास,
अनेक आशीर्वाद.

तुला सर्जाची आठवण मी करून दिली, तेव्हा दोष घ्यायचा तर अर्धा इकडे पाठव. ज्या माणसाला मी हिसका दाखवणार होतो त्यानेच माझी मुलगी वाचवली. त्यांना माझा नमस्कार सांग, जर्मनमध्ये जसा सांगता येईल तसा.

एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही. ट्रॅक्टर आत आला, पण त्याआधी योनासराव कुठे होते? सांगावंसं वाटलं तरच सांग. मी काही कमी लेखणार नाही, जीव तेवढाच लावीन.

तुझे,
तात्या


कायझर्सलाउटर्न
१० ऑगस्ट २०२५

ती. तात्यांस,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र आईला गाळूनसुद्धा वाचून दाखवू नका.

योनास फाटकापाशीच होता, ट्रॅक्टरवर. माझी किंकाळी ऐकून तो गोठ्यामागून भरधाव आला, तोवर मी कुंपणाखालून बाहेर सरपटले होते. मी सुटले हे त्याने पाहिलं. मग त्याने ब्रेक लावला, हात स्टिअरिंगवर ठेवले आणि तो बापाकडे बघत बसून राहिला. ब्रूनो त्यांना उचलून आपटत होता आणि हा बघत होता. मी पायरीवर चढून त्याच्या तोंडात मारली, ओठ फुटेपर्यंत. मी आजवर कुणावर हात उचलला नव्हता. तेव्हा कुठे त्याने गिअर टाकला. त्यावर आम्ही एक शब्दही बोललेलो नाही. त्याचा ओठ भरून आला आहे.

काल हॉस्पिटलमध्ये सासऱ्यांनी त्याला पाणी आणायला पिटाळलं आणि मला विचारलं, तो बसून होता ना. मी म्हटलं, ट्रॅक्टर सुरू होत नव्हता. ते म्हणाले, खोटं बोलू नकोस, इंजिनाचा आवाज मला खाली पडल्या पडल्या येत होता.

मी रडायला लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, खाली माझा बाप असता तर मी इंजिन बंद करून जेवायला गेलो असतो. मग नकाशाची नवी प्रत मागितली, उशीवर ठेवून सही केली आणि म्हणाले, बांधा. आणि मला आवाज येत होता हे त्याला कधी सांगू नकोस.

योनास पाणी घेऊन आला. मी त्याला सही दाखवली. त्याने ती बराच वेळ पाहिली आणि विचारलं, त्यांना ऐकू येत होतं का? मी नाही म्हटलं. तुम्हीही हे तुमच्यापाशीच ठेवावं, आणि आम्हा तिघांवरही पूर्वीइतकंच प्रेम करावं.

तुमची,
स्वरूपा