नावेतलं डोहाळजेवण

अमरावती,
ता. १२ डिसेंबर १९३१

सौ. माणिकबाई विहीणबाई यांस मनकर्णाचा सा. न. वि. वि.

“पोरीले पोहता येते ना, मंग सासरी बुडाची नाही,” असं तुम्ही शकुनला पाहायला आलात तेव्हा म्हणाला होतात. हे किती हसले होते! त्याला सात वर्षं झाली. आता तिला सातवा महिना लागतोय आणि तुमच्याकडे डोहाळजेवण ठरतंय, हे मला तिच्या पत्रातून कळलं. तुमच्याकडून नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पोरीचं बालपण नावेत गेलं. नाताळात शाळा बंद झाली की हे मास्तरकी खुंटीला टांगून आम्हाला हर्णैला मित्राकडे न्यायचे. त्याच्या मचव्यातून किनाऱ्याकिनाऱ्याने दाभोळ, जयगड. पत्र्याच्या डब्यात वाळू भरून त्यावर चूल मांडायची, वाऱ्याने भाकरी करपायची, आणि एवढीशी शकुन सुकाणू धरून बापाला हुकूम सोडायची. इकडे दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तलावावरची आमची होडी होतीच. हे गेले त्या साली ती काठावर उपडी राहिली. यंदा मीच तिला डांबर लावून पाण्यात सोडली. रोज वल्हवते. लोक बांधावर उभे राहून बघतात, बघोत.

शकुनचं डोहाळजेवण त्या होडीत व्हावं. वल्ही मी मारीन. पौषाआधीचा दिवस कळवा.

लोभ आहेच, तो कमी होईल असं मी वागणार आहे; तरी होऊ देऊ नका.

मनकर्णा


अकोला,
ता. १६ डिसेंबर १९३१

मनकर्णाबाईस माणिकबाईचा सा. न. वि. वि.

मी बोलून राहिली, तुमचा जावई देवीदास लिहून राहिला. एक शब्द बदलू नको म्हणून त्याले बजावलं आहे.

बाई, डोकं ठिकाणावर ठेवा. गरवार पोरीले कोणी तलावात नेते काय? नाव पाहिजे, त नाव आमी घरातच करून राहिलो. झोक्याच्या बंगईले वेळूच्या कमट्या बांधल्या, चांदीचा कागद लावला, खाली माहं निळं लुगडं अंथरतो. पाणी नाही, भेव नाही.

दुसरं बोलू नये, पण बोलावं लागते. पाच सवाष्णी ओट्या भरतील. तुमी या, जेवा, चार दिवस राहा. फक्त त्या वक्ती आतल्या खोलीत बसा, पोरीच्या नजरेसमोर नको. राग नका मानू. सात वर्सानं या घरात पाळण्याची गोष्ट निघून राहिली. मले झोप येत नाही. तुमच्या जागी मी असती, त मी आपली आपण आत बसली असती.

माया पातळ नका करू.

माणिकबाई

(वरचं सारं आईचं आहे. मामी, माझा नमस्कार. – देवीदास)


अकोला,
ता. १९ डिसेंबर १९३१

ती. आईस शकुनचा शि. सा. न.

कागदी नाव तयार झाली. मी बसून पाहिली. बंगई एकीकडे कलली आणि सगळी चांदी माझ्या पदराला चिकटली. सासूबाई डोहाळे विचारत होत्या, तेव्हा सांगून टाकलं की चिंच नको, बर्फी नको. मला आईने वल्हवलेल्या होडीत बसायचं आहे, आणि ते नसेल तर ओटीही नको. त्यांनी ताट आपटलं. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, पण दुधाचा पेला उशाशी ठेवायला विसरल्या नाहीत. आज मेथी निवडताना, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं की तलाव केवढा खोल आहे, आणि त्यांच्यासारखी जड बाई बसली तर होडी बुडते काय. मी हसले नाही.

तू सरळ उत्तर लिही. चिडू नकोस. माझ्यावर जीव आहे तो तसाच ठेव.

शकुन


अमरावती,
ता. २२ डिसेंबर १९३१

सौ. माणिकबाई विहीणबाई यांस सा. न. वि. वि.

तलाव मधोमध दोन पुरुष खोल आहे. मी बांधाच्या कडेने नेईन; तिथे तुमच्या कंबरेइतकं पाणी. होडी चौघांना पेलते. तुम्ही शकुनचा हात धरून तिच्याजवळ बसा. चार सवाष्णी काठावर ओट्या भरतील, पाचवी तुम्ही पाण्यावर भरा.

आता आतल्या खोलीचं. तिथे मी बसणार नाही. नजरेसमोर नको, असं तुम्ही लिहिलंत. वल्ही मारणाऱ्याची पाठ वाटेकडे असते आणि तोंड बसलेल्यांकडे. तोंड फिरवून होडी चालत नाही. म्हणजे जाता-येता पोरीला माझंच तोंड दिसणार आणि मला तिचं. माझं कपाळ मोकळं आहे. मी ते पदराने झाकणार नाही. हे गेले, त्यात तिच्या बाळाचा दोष नाही आणि माझाही नाही. तुमची झोप का उडाली ते मला कळतं. तीच भीती माझ्या पोटात आहे, म्हणून तर वल्ही दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही.

माझ्या जागी तुम्ही आत बसला असता, म्हणता. देव न करो; पण तशी वेळ आलीच, तर बसू नका, माणिकबाई. मी तुमचा हात धरून तुम्हाला बाहेर आणीन.

लोभ असू द्या, भांडणासकट. आणि एक मागणं आहे. तुम्ही नाही म्हणणार हे ठाऊक असून मागते: तुमची ओटी भरून झाली, की सहावी मला भरू द्या.

मनकर्णा