प्रतीकचा देखावा

अयोध्या नगर, भोपाळ

प्रिय जुई,

मंडळातून अच्युतरावांचा तुला फोन आला असेलच. शनिवारी गणपतीच्या मांडवात मंत्र्यांच्या हस्ते तुझा सत्कार करायचाय, 'शहीद प्रतीकची वाग्दत्त वधू' म्हणून. प्रतीकची आई म्हणून माझा करणार होते, मी नाही म्हटलं, तर आता तुझ्या मागे लागलेत. होकार देण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर मला रडू येतं आणि मुद्दा राहून जातो.

यंदाचा देखावा प्रतीकचा आहे. मला कुणी आधी सांगितलं नाही, काकूंना म्हणे सरप्राइज. मी आपली मोदकांचा डबा घेऊन आरतीला गेले, तर समोर थर्माकोलचा डोंगर आणि त्यावर वर्दीतला प्रतीक. चेहरा हुबेहूब, तुमच्या साखरपुड्याच्या फोटोवरून केलेला. दिवे गेले, बंदुका कडाडल्या, खालची मोटर फिरली आणि माझा मुलगा आडवा झाला. टाळ्या पडल्या. मग मोटर उलटी फिरून तो उभा राहिला, रांगेतली पुढची माणसं आत आली आणि तो पुन्हा पडला. आशयने आणि मंडळाच्या पोरांनी महिनाभर खपून केलंय गं ते. प्रतीकवर जीव होता त्यांचा, त्यांना बोल तरी कसा लावायचा?

पण समोरच्या शत्रूंची तोंडं पाहिली आणि माझं डोकं फिरलं. काळीकुट्ट, सुळे बाहेर आलेली. प्रतीक सुट्टीवर आला की पलीकडच्या चौकीतल्या एका पोराचं सांगायचा, आठवतंय? मिसरूडही धड फुटलं नव्हतं त्याला. इकडे रेडिओवर क्रिकेट लागलं की तो तिकडून ओरडून स्कोअर विचारायचा आणि आपलं कार्टं मुद्दाम चुकीचा सांगायचं. या दोघांना त्या डोंगराचं काय करायचं होतं? गवतसुद्धा उगवत नाही तिथे. हुकूम देणारे दोन्हीकडचे मोठे लोक आता एका टेबलाशी बसून चहा पितात, पेपरात फोटो येतात. डोंगर होता तिथेच आहे. त्या पोराचं पुढे काय झालं ते मला कुणीच सांगत नाही. त्याचीही आई असेल, आणि तिलाही कुणीतरी अभिमान बाळगायला सांगत असेल.

त्याने प्राण दिले, असं मी माइकवर म्हणावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. त्याने काही दिलं नाही गं. त्याला घरी यायचं होतं, तुझ्याबरोबर फ्लॅट बघायला जायचं होतं. त्याच्याकडून घेतलं. हे मी म्हणणारच, कुणाला राग आला तर येऊ दे.

मी मांडवामागे गेले आणि मोटरची वायर उपटली. आशय धावत आला, काकू, पूरा शहर बघायला येतंय म्हणाला. मी सांगितलं, ज्याला बघायचंय त्याने आपल्या पोराचा पुतळा करावा आणि हवा तितक्यांदा पाडावा. माझा एकदा पडला, पुरे झालं. तुझ्या काकांनी जन्मात मंडळाला कधी नाही म्हटलेलं नाही. त्यांनी ती वायर मुकाट गुंडाळली आणि खिशात घातली. आता कॉलनीभर माझं डोकं फिरल्याची चर्चा आहे. असू दे.

आता खरं काम. तुझी आई सांगत होती, आलेली स्थळं तू 'काकूंना काय वाटेल' म्हणून परत पाठवतेस. तर काकूंना काय वाटतं ते ऐक. शनिवारी तू त्या स्टेजवर चढलीस की जन्मभर पुतळ्याची बायको होऊन बसशील, आणि ते मी होऊ देणार नाही. स्थळ मीच शोधलंय. काकांच्या जुन्या सोबत्याचा तुषार, तुलसी नगरला राहतो, वीज खात्यात इंजिनिअर आहे. मंत्री मांडवात येतील त्याच वेळी तो आमच्याकडे पोहे खायला येतोय. इंदूरहून सकाळची बस धर आणि ये. पूर्वी मुलींना चालून दाखवायला लावायचे ना, तसं परवा मी त्याला ओल्या पायांनी आमच्या फरशीवरून चालायला लावलं. बिचारा घाबरला, पण चालला. पाय अगदी सपाट आहेत, अख्खा ठसा उमटतो. फौज त्याला कधीही घेणार नाही.

तुझीच,
वसुधाकाकू