मास्तर येईपर्यंत

मिल्टन कीन्स,
२ जून २०२५

प्रिय धम्मशीलेस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझा भाऊजी अजून कागदावर लिहितो आणि नात तनू त्याचा फोटो काढून तुला पाठवते, याचं तुला हसू येतं हे मला ठाऊक आहे. पण फोनवर तिकडून हॅलो आलं की माझी अर्धी वाक्यं पळून जातात.

बातमी अशी की आम्ही बोटीने नॉर्वेला निघालो आहोत. राकेश, सूनबाई नीना, तनू आणि आम्ही दोघं. तेरा तारखेला साउथॅम्प्टनहून बोट सुटेल. उमरेडच्या शाळेत मी तीस वर्षं समुद्राच्या कविता शिकवल्या, तेव्हा समुद्र पाहिलाही नव्हता. लाटांचा आवाज तोंडानेच काढायचो. तुझी ताई शाळेला लागूनच्या आमच्या खोलीत असायची, तिला सगळं ऐकू जायचं. संध्याकाळी म्हणायची, आज भरती फार होती, मास्तर.

आता अवघड ते लिहितो. तुझ्या ताईचं, रंभाचं, विसरणं वाढलं आहे. मार्चमध्ये ती दोनदा घराबाहेर पडली. दुसऱ्यांदा सापडली ती राउंडअबाउटच्या मधल्या हिरवळीवर, अनवाणी, आणि गाड्या तिच्याभोवती फिरत होत्या. राकेशने जवळच्या एका केअर होममध्ये, म्हाताऱ्यांना सांभाळतात तिथे, खोली पाहून ठेवली आहे. महिनाअखेर होय की नाही ते कळवायचं आहे. मी त्याच्याशी करार केला. रंभा मला ओळखते तोवर ती घरातून हलणार नाही. ज्या दिवशी ओळखणार नाही, त्या दिवशी मीच येऊन सांगेन आणि आडवा येणार नाही. पोराने मान डोलावली.

तशी भीती नाही. सकाळी मी चहा नेला की ती हसते. हसते म्हणजे ओळखतेच ना?

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
दादासाहेब


नागपूर,
६ जून २०२५

आदरणीय भाऊजींस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र मोठं करून छापून आणलं आणि चष्मा लावून दोनदा वाचलं. अक्षर अजून फळ्यावरचंच आहे. बोटीवर कविता जपून म्हणा. गोऱ्यांना सवय नसते, एखादा पाण्यात उडी टाकायचा. ताईला दोन स्वेटर घाला. तुम्ही स्वप्नात असता, तुम्हाला थंडी कळत नाही.

एक लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. परवा व्हिडिओवर ताईने मला आई म्हणून हाक मारली. नीना म्हणाली, मस्करी करताहेत. आमच्या ताईने मस्करी कधी केली? लग्नात नाव घे म्हणून अख्खी वस्ती अडून बसली होती. उखाणा तुम्हीच रचून दिला होता, तरी तिने तोंड उघडलं नाही. तुम्ही समतेवर गावोगाव भाषणं दिलीत, पण तुमच्याच घरात नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं गेलं नाही. पंचावन्न वर्षांत मी ते तिच्या तोंडून ऐकलेलं नाही. मग तिला ते आठवतं की नाही, हे कळायचं कसं?

हसणं म्हणजे ओळख नव्हे, भाऊजी. ताई दारावरच्या भाजीवालीलाही हसायची. तुम्ही स्वतःची समजूत घालत बसाल म्हणून लिहिते. पोराला शब्द दिलाय तो पाळा. रागावू नका. मी ताईच्या मांडीवर वाढले आहे.

पोचल्याचं कळवा. ताईच्या केसांवरून माझ्या वतीने हात फिरवा आणि माझ्यावरचा जीव कमी करू नका.

तुमची
धम्मशीला


समुद्रावर,
१४ जून २०२५

प्रिय धम्मशीलेस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

बोटीवर पोचलो. कालचा पहिला दिवस जसा गेला तसा लिहितो.

साउथॅम्प्टनला रांगेत एक मुलगी हातात टॅबलेट घेऊन सगळ्यांची नावं ताडून पाहत होती. रंभाला तिने अगदी मायेने विचारलं की तुमच्याबरोबर कोण आहे, पतीचं नाव काय. तनूने तिच्या मराठीत सांगितलं, आजी, तुझा नवरा नाव काय आहे? रंभाने पदर सावरला, खाली पाहिलं आणि हसली. सगळेच हसले. नीनाने त्या मुलीला समजावलं की आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. त्या मुलीने छातीवर हात ठेवला, किती गोड म्हणाली. राकेशने माझा खांदा दाबला. मी इतका हरखलो की तिथेच मोठ्याने एक कडवं म्हटलं आणि तनूने मला गप्प केलं. तुला डिवचायला मनात पत्रही जुळवलं, बघ, हरलीस.

खोलीला काचेचं दार आहे आणि त्यापलीकडे पाणी. बाकीचे जेवायला गेले. रंभा पलंगाच्या कडेला बसली, पर्स मांडीवर धरून. मी काचेचं दार उघडून म्हटलं, रंभा, बघ तरी. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही आता बाहेर बसा. आमचे मास्तर येतील. खोलीत परका माणूस पाहून त्यांना काय वाटेल?"

मी म्हटलं, मीच आहे. ती उठली, तिने खोलीचं दार उघडलं आणि ते धरून उभी राहिली. चिडली नाही. पाहुण्याला निरोप द्यावा तशी उभी होती. मी बाहेर पडलो.

रांगेतल्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला. नाव घेत नव्हती, की नाव नव्हतंच तिच्यापाशी? आम्ही सगळे मिळून त्याला लाज समजलो.

थोड्या वेळाने दार वाजवलं. म्हटलं, मास्तरांचा निरोप आहे, उशीर होईल. तिचा चेहरा सैल झाला. दाराजवळच्या खुर्चीवर मला बसवलं आणि नवऱ्याबद्दल सांगू लागली. शाळा सुटली तरी ते कच्च्या पोरांना घेऊन बसतात. भोळे आहेत, कुणीही काही सांगितलं की खरं धरतात. मग आवाज उतरवून म्हणाली, त्यांना सांगू नका, पण त्यांच्याशिवाय माझा दिवस उगवत नाही.

पंचावन्न वर्षांत हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं तेव्हा ते मला नव्हतं.

पाचला बोट सुटली. राकेश मला शोधत डेकवर आला. गप्प राहता आलं असतं. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. खरं सांगतो, महिनाअखेरपर्यंत लपवायचं मी ठरवलंही होतं. पण तुझं पत्र खिशात होतं. कठड्याला धरून सगळं सांगून टाकलं. तो मागे जाणारा किनारा पाहत होता. मग म्हणाला, "बाबा, जानेवारीपासून ती मला विष्णूमामा म्हणते. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही खचला असता."

तुझा भाऊ विष्णू जाऊन वीस वर्षं झाली. पाच महिने माझा मुलगा तिच्यासमोर विष्णू होऊन जेवला, तिला औषधं देत राहिला. मी करार केला तो माझ्या एकट्याच्या ओळखीचा. तुला तरी ओळखते का रे, हे त्याला विचारायचं सुचलं नाही. तो माझ्या छातीशी येऊन रडला, चाळीस वर्षांपूर्वी रडायचा तसा. केअर होमला होय कळवायला मी सांगितलं आहे.

रात्री नीना रंभाजवळ झोपली. आज सकाळी मी दार वाजवलं. मास्तर अजून आले नाहीत म्हणाली, पण बसा. मी बसलो. तिने विचारलं, तुम्ही त्यांना ओळखता का? मी हो म्हटलं. मग तिने खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाली, "मग सांगा ना काहीतरी त्यांच्याबद्दल."

धम्मशीला, मला एकही गोष्ट आठवेना.

तुझा आधार या घडीला फार लागतो आहे, तो असू दे.

तुझा
दादासाहेब