लाल तेलाचं पान

आबा, गाडीचं ते पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. तुम्ही ज्यांची गाडी चालवायचात त्या डॉक्टरांनी ते कधी परत मागितलं नाही, तुम्ही दिलं नाही, आणि तुम्ही गेल्यावर घर आवरताना मी ते गुपचूप माझ्या पिशवीत घातलं. तुम्ही घातलेलं वर्तमानपत्राचं कव्हर पिवळं पडलंय, कडेनं तुटायला लागलंय. आता सांगून काय उपयोग, असं म्हणत मी हे लिहिणं वर्षानुवर्षं टाळलं. पण शाळेतून रिटायर झाल्यापासून दुपारी जरा आडवं व्हावं तर आपलं सोलापूरचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढं येतं आणि झोप उडते. म्हणून आज बसले लिहायला.

ती गाडी आली तेव्हा दुष्काळ नुकताच सरला होता. कुणी परदेशी माणूस मायदेशी परत निघाला, त्याची ही फारशी न वापरलेली गाडी डॉक्टरांनी मुंबईहून आणली. जीपसारखी उंच, पण डॉक्टरांचं अख्खं घर आत मावेल एवढी ऐसपैस. आणि तिला क्लचच नव्हता. गिअर आपोआप पडायचे. सात रस्त्याच्या चौकात तुम्ही गाडी उभी केली की टांगेवाले खिडकीतून वाकून तुमच्या पायाशी बघायचे, जणू तिथं काही चमत्कार दडवलाय. वीस वर्षं गाड्या चालवून तुमच्या डाव्या पायाला क्लचची सवय जडलेली. तो चुकून ब्रेकवर पडू नये म्हणून तुम्ही तो मुडपून सीटखाली सारून बसायचात. पुढं पुढं घरी जेवायला बसलात तरी डावा पाय मागं. आई म्हणायची, "आवो, हितं कुटला बिरेक हाय?" आणि तुम्ही मोठ्यानं हसायचात. इतकं खूश मी तुम्हाला आधी कधी पाहिलं नव्हतं. नंतर तर नाहीच.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. संध्याकाळची वेळ. आई चुलीपुढं भाकरी थापतेय. नातेपुत्याहून आत्या आलीये, ती लसूण सोलतेय. माझं कॉलेज आत्याच्या डोळ्यांत सलायचं. पोरगी शिकवून शेवटी भाकरीच थापणार, हे ती आल्यापासून दिवसातून दोनदा तरी ऐकवायची. तुम्ही साबणानं दोनदा हात धुऊन, पुस्तक घेऊन आत येता. "बाय, बघ की जरा काय लिवलंय ह्यात. डॉक्टरला येळ न्हाय, आन् मिस्त्री म्हनतो असली गाडी म्या जल्मात उघडली न्हाय." मी शेंगाचटणीनं माखलेला हात पुढं केला, तर केवढ्यानं खेकसलात! "पुस्तकाला खरकटा हात? आन् म्हनं कालेजात जाती!" आत्या गालात हसली. मी कानकोंडी होऊन हात धुतले आणि वाचायला बसले. टायरची हवा, बॅटरीचं पाणी, दिवे, सगळं नीट सांगितलं. मग गिअरबॉक्सच्या तेलाचं पान आलं. "ह्ये लाल तेल कसं बघायचं?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "नेहमीसारखंच आबा. सकाळी, गाडी चालू करायच्या आधी." दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती, घाईत होते, म्हणून ते पान मी न वाचताच उलटलं. तुम्ही आत्याकडं वळून म्हणालात, "बगितलंस? माझी लेक विंग्रजी कशी पान्यावानी वाचती." त्याच आठवड्यात तुम्ही मला इंग्रजी-मराठी शब्दकोश आणून दिलात. पहिल्या पानावर तुमच्या जाड, डुगडुगत्या अक्षरात माझं नाव होतं.

त्या पानावर काय होतं ते आता सांगते. तसल्या गाडीचं लाल तेल इंजिन गरम असताना आणि चालू ठेवून मोजायचं असतं. इंजिन बंद केलं की वर चढलेलं तेल खाली उतरतं आणि तेल मोजायच्या पट्टीवर आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. तुम्ही मोजत होता ते रात्रभर थंड पडलेल्या, बंद गाडीचं. गिअरबॉक्समधून तेल जरा जरा झिरपायचं. तुम्ही रोज सकाळी पट्टी पुसायचात, बंद गाडीतच खुणेपर्यंत तेल घालायचात आणि निर्धास्त व्हायचात. पट्टी पुसायला आईच्या जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा वेगळा ठेवलेला, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पोटच्या पोराची कुणी एवढी निगा राखत नाही. आणि तरी ती गाडी रोज अर्धपोटी रस्त्याला लागत होती. माझ्या सांगण्यावरून.

पुरती दोन वर्षंही निघाली नाहीत. डॉक्टर बायकामुलांना घेऊन पुण्याला निघाले होते. मोडनिंबच्या अलीकडं गाडी नुसती ओरडायला लागली. तुम्ही पाय दाबाल तसा इंजिनाचा आवाज वाढतोय आणि चाकं ढिम्म. खालून जळका वास. भर उन्हात ती माणसं एसटीची वाट बघत उभी राहिली आणि तुम्ही गाडीखाली आडवे. ट्रकवर घालून गाडी सोलापुरात आणली. म्हाताऱ्या मिस्त्रीनं गिअरबॉक्स खोलला त्या दिवशी मी तुमचा डबा घेऊन आले होते. आतलं लाल तेल डांबरासारखं काळं झालेलं, प्लेटा जळून गेलेल्या. मिस्त्री हात पुसत डॉक्टरांना म्हणाला, "साब, दोन सालात असली चीज जळत नाय. डायवरचा डावा पाय बिरेकवर पडत असंल. क्लचची आदत हाय, काय करनार?" डॉक्टर भला माणूस, आवाजसुद्धा चढवला नाही. "मी तुम्हाला दोष देत नाही," ते म्हणाले, "पण तुमच्या पायाचा भरवसा राहिला नाही आता. तुम्ही दवाखान्याच्या गेटवर बसत जा." तुम्ही खाली मान घालून स्वतःच्या डाव्या पायाकडं बघत राहिलात. त्या क्षणी मला ते पान आठवलं, आबा. घरी पुस्तक होतं, शब्दकोश होता. मी दोन्ही उघडली नाहीत. डबा तुमच्या हातात दिला आणि कॉलेजला निघून गेले.

त्यानंतर तुम्ही स्टिअरिंगला हात लावला नाहीत. बारा वर्षं स्टुलावर बसून दुसऱ्यांच्या गाड्यांना गेट उघडलंत. कुणी जुना सोबती भेटला की आपणहून सांगायचात, "माज्या पायानं खाल्ली ती गाडी." एसटीत माझ्या शेजारी बसलात तरी डावा पाय मुडपून सीटखाली. आता त्याच्यापुढं कुठला ब्रेक नव्हता, तरी तुम्ही त्याला शिक्षा देत होता. मला ते बघवायचं नाही. मी खिडकीबाहेर बघायची.

तुम्ही जाण्याआधी दोन वर्षं, दिवाळीच्या रंगाला कपाट सरकवलं तेव्हा वरून ते पुस्तक हातात आलं. तोवर मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. उभ्या उभ्या पान काढलं, एका दमात वाचलं, आणि तिथंच खाली बसले. तुम्ही बाहेर उंबऱ्याशी तूर निवडत होता. "काय घावलं गं?" "काही नाही. गाडीचं पुस्तक." तुम्ही सुपातनं मान वर केली नाहीत. "ऱ्हाऊ दे, टाकू नगंस," म्हणालात, "चूक माजी हुती, पुस्तकाची न्हाय." दहा पावलं चालून यायचं होतं मला, आबा. मी पुस्तक होतं तिथं ठेवून दिलं. मनाला समजावलं, की लेकीच्या इंग्रजीचा अभिमान तेवढा एक उरलाय म्हाताऱ्याजवळ, तोही कशाला हिरावून घ्यायचा. किती सोयीचं होतं ते! पायावरचा आळ मनात घेऊनच तुम्ही गेलात आणि मी तुम्हाला तसं जाऊ दिलं.

हे पत्र कुठं टाकणार? त्याच पानात घालून पुस्तक मिटते. त्याआधी एक सांगायचं राहिलंय. परीक्षेची घाई होती हे वर लिहिलं, ते खोटं आहे. परीक्षा चार दिवसांनी होती. मी ते पान वाचलं होतं. दोनदा वाचलं. मला समजलं नाही, आणि समोर आत्या लसूण सोलत बसली होती. परवा नातीनं एका इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला. मला येत नव्हता. उद्या सांगते, म्हणाले.