माझा दहा, तुझा सोळा

एल्डर क्रीक, विस्कॉन्सिन
बुधवार, ९ मार्च २०२२, दुपारी १२.४०

प्रिय वेंडल,

तू, तुझी पाठ आणि तुझा ट्रक, तिघंही धड असाल असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. बर्फ वितळलं, अंगणात चार इंच चिखल आहे (मोजला). तुझी ताई, माझी लॉर्ना, म्हणते, "दोन शुक्रवार झाले, माझा भाऊ मासे खायला आला नाही, आणि तू त्याच्या वाटचेही खातोस!" हे खरं नाही. मी दीड माणसाचेच खातो.

हाताने लिहितोय याचं नवल वाटेल. ईमेल केली असती, पण डेअरीची सगळी ईमेल तू सांभाळतोस त्याच डिस्कांवर जाऊन पडते, आणि तिथे पडलेलं कायमचं राहतं. म्हणजे, सहसा राहतं. त्याकडे येतो.

तुला सगळं माहीत आहे, तरी क्रमाने लिहितो. लॉर्ना हे पत्र वाचून मगच पाकिटात घालणार आहे आणि तिला ते समजलं पाहिजे अशी तिची अट आहे.

मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. अकरा वर्षं दुधाचा टँकर चालवला आणि टाकी रिकामी होईपर्यंत स्टिअरिंगवर पुस्तक टेकवून सर्व्हरची युनिक्स प्रणाली शिकलो. आज बावीस वर्षं या डेअरीचे सर्व्हर माझ्या हाताखाली आहेत. डिस्का मात्र सर्व्हरच्या पोटात नाहीत. त्या पलीकडच्या कपाटात, तुझ्या ताब्यात, आणि मध्ये चार तारा. डिस्क काढायची तर आधी मी तिच्यावरचं काम थांबवायचं, तिला सोडवायचं, तिच्याकडे जाणारे चारही रस्ते सर्व्हरला विसरायला लावायचे. मगच तू तिकडून ती तोडायची. उलट झालं तर सर्व्हर गेलेल्या डिस्कला हाका मारत बसतो आणि कुणासाठीच जागचा हलत नाही. ही अकरा पानांची पद्धत मी लिहिली आहे. त्यात एकही शुद्धलेखनाची चूक नाही.

एकोणीस फेब्रुवारीला, शनिवारी, मी दहा नंबरची डिस्क अगदी पद्धतशीर सोडवली. तुला फोन केला, "दहा काढ." तू दहा काढलीस, आणि फॉर्मवर लिहिलं होतं त्याप्रमाणे पुसूनही टाकलीस. पण तुझं कपाट सोळाच्या गटाने मोजतं. नवानंतर ए, बी करत एफपर्यंत जातं आणि मग दहा लिहितं. तुझी दहा म्हणजे माझी सोळा. माझी दहा तुझ्याकडे 'ए' या नावाने मजेत बसून होती. सोळावर कोणतं चीज तळघरात कुठल्या फळीवर कधीपासून आहे, ती नोंद होती.

दर आठवड्याला निघणारी प्रत होती, चार दिवस जुनी, म्हणून वाचलो. तरी त्या चार दिवसांत फळी बदललेली चीजची तीनशे चाळीस चाकं कुठली कधीची, हे कळेना. तळघर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या ऑरव्हिलने एकेक चाकाला नळी टोचून चाखून वय सांगितलं. दोनशेव्या चाकाला तो म्हणाला, "हे चेडर आहे की साबण, आता मला विचारू नका." त्याची बायको सांगते, तो घरी फक्त सफरचंद खातो.

इथपर्यंत तुझी-माझी सारखीच चूक वाटते. चौकशीतही तसंच वाटलं. मी म्हणालो, "मी दहा सांगितली. माझ्याकडे ती दहाच होती." यातला शब्द न् शब्द खरा आहे. तू म्हणालास, "मी डिस्कचा लांब नंबर वाचायला सांगितला होता. तो दोन्हीकडे एकच असतो." चौकशी करणाऱ्या मॅनेजर क्रोनिनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मला तसं आठवत नाही."

मला आठवतं, वेंडल.

तू म्हणाला होतास, "भावोजी, लांब नंबर वाचा, बत्तीसच्या बत्तीस अक्षरं. तुमचाच चौथा नियम आहे." मी म्हणालो, "नियम मी लिहिलाय, तू मला शिकवू नकोस. दहा म्हणजे दहा." खरं कारण हे होतं की मला तो वाचता येत नव्हता. आठ आहे की बी, समोर नुसत्या मुंग्या होत्या. गेलं वर्षभर असंच आहे. तुझ्या पडद्यावरची मोठी अक्षरं बघून "आजोबांचं वर्तमानपत्र आलं का?" असं मीच सगळ्यांदेखत विचारायचो, मग चष्मा कुठल्या तोंडाने लावणार होतो?

तुला दही-लोण्याच्या काउंटरवर पाठवलं, येत्या सोमवारी तुझं यंत्रखोलीचं कार्ड कायमचं रद्द व्हायचं होतं. तू मला एक शब्द बोलला नाहीस. लॉर्नालाही सांगितलं नाहीस. तिला मी काल सांगितलं. ती म्हणाली, "आधी बाईंकडे जा. जेवण नंतर."

आज सकाळी आठला गेलो. सगळं ऐकून बाईंनी माझीच अकरा पानं पुढे ठेवली. "चौथा नियम वाचा." मी पान लांब धरलं. आणखी लांब धरलं. त्यांनी स्वतःचा चष्मा काढून दिला, गुलाबी काड्यांचा. मी तो लावला आणि मोठ्याने वाचलं: दोघांनी पूर्ण नंबर एकमेकांना वाचून दाखवल्याशिवाय डिस्कला हात लावू नये. दारात तुझ्या जागी नेमलेला फेल्प्स उभा होता. त्याने ऐकलं आणि पाहिलंही.

माझं कार्ड सहा महिन्यांसाठी गेलं. तुझं या पाकिटात आहे. लॉर्नाने पुठ्ठ्यात गुंडाळलंय, वाकवू नकोस. अजून अकरा डिस्का काढायच्या आहेत. खोलीत तू एकटा, मी बाहेरच्या टेबलावर. सोडवायचं काम माझं, पण तू सांगितल्याशिवाय एकही कळ दाबायची नाही, असं बाईंनी लिहून घेतलंय. चष्मा करायला दिला आहे. शुक्रवारी मिळेल. काळ्या काड्या.

माफी कशी लिहायची ते मला माहीत नाही. कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. शनिवारी नऊ वाजता फोन करीन. 'हॅलो' म्हणायची गरज नाही. नुसतं "वाचा" म्हण.

तुझा,
डेल्मर